मातीचे खाते
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील भाषणाचा मजकूर)



व्यापारी पेठेतल्या सभेपुढे शेतीचा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु कोल्हापूर, सांगली आणि पलीकडे बेळगाव या पट्ट्यातील जैन समाज हा पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारा समाज आहे. आज पेढीवर बसणाऱ्या कितीतरी कुटुंबांच्या नावावर गावाकडे दोन-चार एकर रान आहे. मंदिरे, वसतिगृहे, पांजरपोळ चालविणाऱ्या संस्थांकडेही पूर्वजांनी दान दिलेल्या जमिनी आहेत. सातबाराचा उतारा कपाटात असतो आणि जमीन मात्र दुसऱ्याच्या हाती असते. कोणाकडे खंडाने, कोणाकडे अर्धेलीने, तर कोणाकडे यंदाच्या लिलावात बोली वर गेली म्हणून. खंडाची रक्कम वेळेवर जमा झाली की मालक निश्चिंत होतो. दुकानातील कापडाच्या प्रत्येक ताग्याची नोंद ठेवणारा गृहस्थ आपल्या जमिनीच्या पोटात यंदा किती शिल्लक राहिली, हे कधी विचारीत नाही. त्या शिलकीचाच हा विषय आहे. शास्त्रज्ञ तिला सेंद्रिय कर्ब म्हणतात.

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की या भागात रात्री जागोजागी रान पेटलेले दिसते. टोळी ऊस तोडून जाते, वाढे जनावरांसाठी उचलले जातात आणि वाळलेला पाला, म्हणजे पाचट, शेतात पसरलेले राहते. एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन पाचट निघते. एकरी हिशोब साडेतीन ते चार टनांचा. या पाचटात सुमारे अर्धा टक्का नत्र, ०.२ टक्क्यांच्या आसपास स्फुरद, एक टक्क्याच्या जवळपास पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो, असे ऊस संशोधन केंद्रांचे विश्लेषण सांगते. काडी लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांत त्यातील कर्ब आणि नत्र बहुतांशी हवेत जातो. राखेत पालाश उरतो हे खरे, पण वाऱ्याने आणि पहिल्या पाण्याने तोही जागेवर राहतोच असे नाही. मातीच्या वरच्या थरातील गांडुळे, किडे, अळ्या, डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव होरपळतात. श्रावकाचारात वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांमध्ये दवदानाचा, म्हणजे रानाला आग लावण्याचा, उल्लेख आहे हे या सभेला नव्याने सांगावयास नको.

शेतकरी पाचट का जाळतो, याचा विचार मात्र न्यायाने केला पाहिजे. तो अडाणी म्हणून जाळीत नाही. पाचट पसरलेल्या सरीतून पाटाचे पाणी पुढे सरकत नाही. त्यात उंदीर होतात, उंदरांमागे साप येतात. खोडव्याला खत घालावयाचे तर जमीन दिसत नाही. पाचट सरीत ओढून घेण्यास मजूर लागतात आणि त्या दिवसांत मजूर मिळत नाहीत. शेजाऱ्याने पेटविले तर आपलेही पेटते. एका काडीने हे सर्व प्रश्न मिटतात, तेही फुकट. जो वर्षभरच जमीन कसणार, त्याने पुढल्या वर्षीच्या मातीसाठी पदरमोड का करावी? हा प्रश्न या भाषणात पुढे पुन्हा येईल, कारण खरी मेख तेथेच आहे.

आता हे कर्बाचे प्रकरण काय आहे ते पाहू. वनस्पती हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू घेते आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्याचे खोड, पान, मूळ बनविते. ते मेल्यावर मातीतील सूक्ष्मजीव त्यावर जगतात. त्यांच्या श्वासावाटे बहुतेक कर्ब पुन्हा हवेत जातो. थोडा भाग मातीच्या कणांना चिकटून, ढेकळांच्या आत दडून वर्षानुवर्षे राहतो. जगातील जमिनीच्या वरच्या एक मीटर थरात असा सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब साठलेला आहे. हवेत जेवढा आहे त्याहून हा साठा बराच मोठा आहे. शेती सुरू झाल्यापासूनच्या हजारो वर्षांत नांगराने आणि पिकांनी या साठ्यातून शंभर अब्ज टनांहून अधिक कर्ब उचलला, असा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाचा निष्कर्ष आहे. म्हणजे मानवजातीने मुद्दलातून खर्च केला. तो अंशतः परत भरता येईल काय, हा सध्या जगभर चर्चेत असलेला विषय आहे. २०१५ मध्ये पॅरिसच्या हवामान परिषदेच्या वेळी फ्रान्सने 'हजारी चार' नावाचा उपक्रम मांडला तो याच हेतूने. जमिनीतील कर्ब दरवर्षी दर हजारी चार या प्रमाणात वाढवावा, अशी त्यामागची कल्पना होती.

कल्पना सुंदर आहे, पण व्यापाऱ्याने आकडे मांडून पाहावेत. एक एकर जमिनीचा वरचा सहा इंचांचा थर घेतला तर त्या मातीचे वजन ढोबळ मानाने आठशे टन भरते. माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्ब ०.५० टक्क्यांखाली असेल तर 'कमी', ०.७५ पर्यंत 'मध्यम' आणि त्यावर 'जास्त' असे सर्वसाधारण वर्गीकरण आहे. समजा एखाद्या रानाचा कर्ब ०.५० वरून ०.६० वर न्यावयाचा आहे. म्हणजे आठशे टनांचा एक दशांश टक्का, अर्थात आठशे किलो कर्ब मातीत टिकला पाहिजे. एकरातील सर्व पाचट न जाळता ठेवले तर त्यातून साधारण सव्वा ते दीड टन कर्ब मातीला मिळतो. पण सूक्ष्मजीवांचा वाटा गेल्यावर टिकाऊ स्वरूपात राहतो तो ढोबळ मानाने दहावा ते पाचवा हिस्सा, म्हणजे वर्षाला सव्वाशे ते तीनशे किलो. शिवाय आधीचा कर्बही दरवर्षी थोडाथोडा कुजून जात असतो. तेव्हा अहवालातील आकडा एक दशांशाने हलण्यास पाच-सहा वर्षे, कदाचित अधिकही लागतील. 'एका वर्षात कर्ब दुप्पट' अशा जाहिराती करून औषधाच्या बाटल्या विकणाऱ्यांपुढे हे गणित ठेवावे; पुढचे संभाषण लवकर आटोपते.

पाचट कुजताना आणखी एक व्यवहार होतो. पाचटात कर्ब फार आणि नत्र अगदी कमी. कुजविणाऱ्या जिवाणूंना नत्राची गरज लागते आणि ते मातीतून उचलतात. ही उसनवारी असते. पाचट कुजल्यावर नत्र परत मिळतो, पण मधल्या काळात खोडवा पिवळा पडतो आणि शेतकरी म्हणतो की पाचटाने नुकसान केले. म्हणूनच पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राच्या शिफारशीत पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकण्यास सांगितले आहे. बुडख्यांवरचे पाचट सरीत ओढावयाचे, उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावयाचे आणि खत पसरून न टाकता पहारीने भोके पाडून मुळांपाशी द्यावयाचे, पहिला हप्ता पंधरा दिवसांत आणि दुसरा साडेचार महिन्यांनी, विरुद्ध बाजूस. पद्धत सोपी आहे, फुकट नाही. मजुरी लागते.

आणि लाभ? पुष्कळदा असे सांगितले जाते की कर्ब थोडा वाढला की जमीन स्पंजासारखी पाणी धरते. यात अतिशयोक्ती आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हजारो नमुन्यांच्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासात असे दिसले की सेंद्रिय कर्ब पूर्ण एक टक्क्याने वाढला तरी मातीच्या दर शंभर मिलिमीटर थरात पिकाला उपलब्ध होणारे पाणी सरासरी एक मिलिमीटरच्या किंचित वर वाढते. आपल्याकडे तर एक दशांश टक्क्याची मारामार. मग पाचट ठेवणाऱ्याचे पाणी वाचते ते कसे? ते वाचते आच्छादनामुळे. ऊन थेट मातीवर पडत नाही, वाफ कमी होते, तण कमी उगवते, दोन पाळ्यांतील अंतर वाढविता येते. हा लाभ पहिल्याच उन्हाळ्यात मिळतो, त्यासाठी पाच वर्षे थांबावे लागत नाही. माती भुसभुशीत होणे, पाणी मुरणे, गांडुळे परतणे हे त्यामागून येते. कृष्णा-पंचगंगेच्या काठी अति पाणी आणि अति खत यांमुळे शिरोळसारख्या तालुक्यात जमिनी क्षारपड झाल्या. तेथे पाणी कमी लागणे हाच मोठा नफा आहे.

पाचट ठेवण्याचा सर्वांत दीर्घ प्रयोग आपल्याकडचा नाही. दक्षिण आफ्रिकेत डर्बन शहराजवळ माउंट एजकोंब येथे ऊस संशोधन संस्थेच्या शेतावर १९३९ मध्ये काही तुकड्यांत पाचट जाळावयाचे आणि काही तुकड्यांत ठेवावयाचे, असा प्रयोग सुरू झाला. साठ वर्षांनंतर माती तपासली तेव्हा पाचट ठेवलेल्या तुकड्यांत कर्ब आणि सूक्ष्मजीव दोन्ही अधिक आढळले. मात्र वाढ मुख्यतः वरच्या चार इंचांत होती. साठ वर्षे आणि चार इंच. ज्यांना घाई आहे त्यांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. ब्राझीलच्या साओ पावलो राज्याने २००२ मध्ये कायदा करून ऊस जाळण्याची प्रथा टप्प्याटप्प्याने बंद करावयास घेतली, तेव्हा तेथे मातीपेक्षा धुराचा त्रास हे कारण पुढे होते, हेही खरे.

याहून जुना पुरावा इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे मिळतो. तेथे ब्रॉडबॉक नावाच्या शेतात १८४३ पासून गव्हाचा एकच प्रयोग अखंड चालू आहे. त्यातील एका तुकड्याला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत मिळत आले. शेणखत न मिळालेल्या तुकड्यांच्या तुलनेत तेथील कर्ब दुपटीहून अधिक झाला. पण वाढ सुरुवातीला वेगाने झाली, पुढे मंदावत गेली. खाते एका मर्यादेपर्यंत भरते, मग दरवर्षीचा भरणा केवळ शिल्लक कायम राखण्यात खर्च होतो. त्याच संस्थेच्या हूसफील्ड शेतात एका तुकड्याला १८५२ ते १८७१ अशी वीसच वर्षे शेणखत दिले आणि बंद केले. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही त्या तुकड्यात, कधीच शेणखत न मिळालेल्या शेजारच्या तुकड्यापेक्षा, अधिक कर्ब शिल्लक होता. ज्यांनी ते खत घातले त्यांची पणतवंडेही आज हयात नसतील. दानपत्रात न लिहिलेले असे दान क्वचितच पाहावयास मिळते.

मात्र येथे एक हिशोबी सावधगिरी हवी. ३५ टन शेणखत एका हेक्टरमध्ये आले ते कोठून? दुसऱ्या रानातील चारा जनावरांनी खाल्ला, त्याचे शेण झाले, ते या रानात पडले. या रानाचा कर्ब वाढला, त्या रानाचा घटला. एका खात्यातून काढून दुसऱ्या खात्यात भरले तर पेढीची एकूण शिल्लक वाढत नाही. हवेतून खरोखर नवा कर्ब मातीत आला असे तेव्हाच म्हणता येते, जेव्हा त्याच रानातील पाला, मुळे, हिरवळीचे खत जळण्याऐवजी किंवा बाहेर जाण्याऐवजी तेथेच राहते. या दृष्टीने पाचट हे चोख भांडवल आहे, कारण एरवी ते धूर होऊनच गेले असते. ओहायो स्टेट विद्यापीठातील मृदाशास्त्रज्ञ डॉ. रतन लाल यांना २०२० चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. पिकाचे अवशेष शेतातून हिरावून घेऊ नयेत, हे ते अनेक दशके सांगत आले आहेत.

नांगरणी हा दुसरा खर्चाचा रकाना. जमीन उलटीपालटी केली की ढेकळांत दडलेला कर्ब हवेशी आणि जिवाणूंशी भेटतो आणि वेगाने जळतो. धूर दिसत नाही एवढेच. कोल्हापूरचे शेतकरी-अभ्यासक प्रताप चिपळूणकर यांनी उसाचे शेत नांगरणे थांबविले. शेवटचा खोडवा संपल्यावर जुने बुडखे उपटून न काढता तणनाशकाने मारावयाचे, मुळे जागेवरच कुजू द्यावयाची आणि मधल्या जागेत नवी लागण करावयाची, ही त्यांची रीत. बाहेरून आणलेल्या शेणखतापेक्षा जागेवर कुजलेली मुळे आणि बुडखे मातीला अधिक देतात, हे त्यांनी आपल्या लेखनातून सातत्याने मांडले. रायगड जिल्ह्यात नेरळजवळ सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी तशीच वाट शोधली. एकदा कायमचे गादीवाफे करावयाचे. त्यानंतर नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. भात कापला की मुळे जमिनीतच, त्यावरच पुढचे पीक. कोकणातील शेतकऱ्याला चिखलात वाकून लावणी करण्याचे कष्ट वाचले म्हणून ही पद्धत पसरली. कर्ब वाढला तो ओघाने.

या पद्धतींवर दोन आक्षेप आहेत आणि दोन्ही दडविण्यासारखे नाहीत. रोथॅमस्टेडच्या डेव्हिड पॉवल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की नांगरणी बंद केल्याने पुष्कळदा कर्ब वाढण्यापेक्षा वरच्या थरात गोळा होतो. खालच्या थराचे माप घेतले की वाढ बरीच कमी भरते. जमिनीच्या आरोग्याला त्याचा उपयोग आहे, पण हवामान सुधारण्याचे श्रेय त्यावर मोठ्या हाताने लिहू नये. दुसरा आक्षेप तणनाशकाचा. नांगराने जीव मरतात म्हणून नांगर ठेवला आणि फवारणीचा पंप उचलला, तर हिंसेचा हिशोब कोणत्या बाजूने झुकला, हे ठरविणे सोपे नाही. पंधरा कर्मादानांत भूमी फोडण्याचे स्फोटकर्मही आहे, तरी या भागातील जैन शेतकऱ्याने नांगर धरला आणि समाजाने त्याचा मान राखला. संसारी माणसाने कमीत कमी हानीचा मार्ग निवडावा, एवढेच शक्य असते. पाचट न जाळण्यात मात्र अशी द्विधा नाही. तेथे दोन्ही पारडी एकाच बाजूस आहेत.

आता नव्या व्यापाराकडे वळू, कारण त्याची वार्ता पेठेपर्यंत आली आहे. शेतकऱ्याने मातीत कर्ब साठविला तर त्याची मोजणी करून 'कार्बन क्रेडिट' नावाची पावती तयार होते. एक पावती म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. ज्या कारखान्याला आपला धूर भरून काढल्याचे दाखवावयाचे आहे तो ती विकत घेतो. भारतात २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्याने आणि २०२३ च्या योजनेने या बाजाराला चौकट मिळाली. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीतील ऐच्छिक कार्बन बाजाराचा आराखडा प्रसिद्ध केला. कंपन्या गावोगाव शेतकऱ्यांशी करार करू लागल्या आहेत.

पुन्हा गणित. वर पाहिलेले आठशे किलो कर्ब म्हणजे, एकास ३.६७ या प्रमाणाने, सुमारे २.९ टन कार्बन डायऑक्साइड. टनाला हजार रुपये भाव मिळाला असे केवळ समजून चालू. पाच-सहा वर्षांच्या खटपटीचे एकरी २,९०० रुपये, आणि त्यातून मोजणी, पडताळणी, नोंदणी आणि मध्यस्थ यांचा वाटा जावयाचा. वर्षाकाठी हाती काय येईल ते ज्याचे त्याने पाहावे. पश्चिम केनियात जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या प्रकल्पाने २०१४ मध्ये शेतजमिनीतील कर्बाच्या पहिल्या पावत्या मिळविल्या. सुमारे ६०,००० शेतकऱ्यांसाठी आखलेला हा प्रकल्प. पहिल्या खेपेस जमा झाले ते २४,७८८ टन. तेथील शेतकऱ्याचा खरा फायदा झाला तो मका अधिक पिकल्याने.

याहून महत्त्वाची बाब मुदतीची. मातीतील कर्ब ही ठेव आहे. एका वर्षी पेटविले, खोल नांगरले, की ठेव मोडली. म्हणून पावती विकत घेणारा हमी मागतो. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी योजनेत जमीनधारकाला २५ वर्षे किंवा १०० वर्षे अशी हमी निवडावी लागते, आणि जो २५ वर्षांची निवडतो त्याच्या जमेतून २० टक्के कापले जातात. शंभर वर्षे म्हणजे चार पिढ्या. एकरी काही शे रुपयांसाठी नातवाच्या पिकाचा निर्णय आज गहाण टाकावयाचा काय? करार करूच नये असे नाही. पण ठेव मोडल्यास भरपाई कोणी करावयाची, मोजणीचा खर्च कोणाच्या माथी, जमीन विकली तर करार कोणाकडे जातो आणि तंटा कोणत्या शहरातील न्यायालयात चालणार, ही चार वाक्ये करारात शोधल्याशिवाय सही करू नये. दुकानाच्या भाडेपट्ट्यावर यापेक्षा अधिक काळजी घेतली जाते.

झाडांचा विषय मोठा आहे, पण त्यातील एकच गोष्ट येथे कामाची. आफ्रिकेतील नायजर देशात मराडी भागात १९८० च्या दशकात टोनी रिनाडो या ऑस्ट्रेलियन कार्यकर्त्याच्या लक्षात आले की रोपे लावण्याची आवश्यकता नाही. तोडलेल्या झाडांची खोडे मातीखाली जिवंत आहेत आणि त्यांना फूट येते. शेतकऱ्यांनी ती फूट विरळ करून राखली. पुढील दोन-तीन दशकांत सुमारे पन्नास लाख हेक्टर शेतांवर झाडे परतली. रोपवाटिका नाहीत, खड्डे नाहीत. बदलले ते एवढेच: पूर्वी झाड सरकारचे समजले जाई, आता शेतकरी ते आपले मानू लागला. ज्याला उद्या फांदी तोडण्याचा हक्क आहे तोच आज फूट राखतो. आपल्याकडे बांधावरच्या बाभळीचे, आंब्याचे काय होते ते पाहा. एक वर्षासाठी जमीन घेतलेला माणूस सावलीने पीक मारते म्हणून ती छाटतो, आणि मालकाला ते पुढल्या लिलावाला कळते.

येथून प्रश्न थेट या सभेकडे येतो. एका वर्षाच्या खंडाने दिलेली जमीन ही कर्बाच्या दृष्टीने बेवारस जमीन आहे. कसणाऱ्याला वर्षात जेवढे काढता येईल तेवढे तो काढणार. त्याचा दोष नाही, अट तशीच आहे. मग मालक दीर्घ मुदत का देत नाही? कारण कुळाचे भय. १९४८ चा कूळवहिवाट कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांची आठवण घराघरांत अजून ताजी आहे. खासगी मालकाचे हे भय निराधार म्हणता येणार नाही. त्याने निदान एवढे करावे: खंडाच्या लेखी कागदात पाचट जाळण्यास मनाई घालावी आणि पाचट सरीत ओढण्याची मजुरी खंडातून वजा करून द्यावी. मनाई घालून मजुरी न देणे म्हणजे पुण्य आपले आणि खर्च दुसऱ्याचा.

सार्वजनिक न्यासांची स्थिती मात्र वेगळी आहे, आणि याची माहिती पुष्कळ विश्वस्तांनाही नसते. कूळवहिवाट कायद्याच्या कलम ८८ ब अन्वये धार्मिक, शैक्षणिक संस्था, रुग्णालये, पांजरपोळ आणि गोशाळा यांच्या जमिनींना, अटी पूर्ण करून जिल्हाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र घेतल्यास, कायद्यातील बऱ्याच कलमांतून सूट मिळते. आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे शेतजमीन दहा वर्षांहून अधिक मुदतीने पट्ट्याने द्यावयाची असेल तरच धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. याचा अर्थ असा की सूट-प्रमाणपत्र असलेल्या न्यासाला एका वर्षाच्या लिलावाची सक्ती कोणी केलेली नाही. ती केवळ वहिवाट आहे. वकिलांचा सल्ला घेऊन पाच, सात वर्षांचा पट्टा देता येतो. पाचव्या वर्षी मातीचे फळ आपल्यालाच मिळणार असे दिसले की कसणारा स्वतःच काडी खिशात ठेवील. याच कलम ३६ मुळे पंचवीस-तीस वर्षांच्या कार्बन करारावर विश्वस्तांनी परस्पर सही करणे कायद्याच्या कसोटीला उतरेल काय, हेही आधी तपासून घ्यावे लागेल.

पट्टा देताना काही गोष्टी पाहाव्यात. सुरुवातीला आणि दर तीन वर्षांनी माती परीक्षण न्यासाच्या खर्चाने व्हावे. नमुना त्याच जागांतून, तेवढ्याच खोलीवरून, त्याच महिन्यात घ्यावा आणि त्याच प्रयोगशाळेत द्यावा. कारण एका वर्षात कर्ब ०.५२ चा ०.५६ दिसला तर तो बहुधा मापाचा फरक असतो, मातीचा नव्हे. या आकड्यावर कसणाऱ्याला दंड करू नये. जाळले की नाही, हे डोळ्यांनी दिसते, त्यावरच अट ठेवावी. पहिली दोन वर्षे खंडात सवलत द्यावी, कारण खर्च तेव्हाच होतो. उत्पन्न थोडे घटेल आणि वार्षिक सभेत त्यावर प्रश्न येईल; त्याचे उत्तर ताळेबंदाच्या तळटीपेत, माती परीक्षणाच्या आकड्यांसह, द्यावे. पांजरपोळाचे शेण आज जेथे विकले जाते किंवा उकिरड्यावर वाळते, तेथून ते न्यासाच्याच रानात गेले तर खातेबदल असला तरी तो आपल्याच घरात होईल.

यंदाचा ऊस मार्चअखेर तुटेल. बहुतेक संस्थांच्या जमिनींचे लिलाव त्यानंतर, पावसाळ्यापूर्वी होतात. तेव्हा पट्ट्याच्या मसुद्यास लागणारा काळ धरला, तर विश्वस्त मंडळांनी हा विषय लिलावाची नोटीस फलकावर लागण्यापूर्वीच्या बैठकीत घ्यावयास हवा.